चंद्रपूरच्या उन्हात ज्युनिपर

"नर्सरीतून ज्युनिपर आणला, दोन महिने छान हिरवागार होता, रोज पाणीही घातलं, तरी वाळला. काय चुकलं?" विदर्भात बोन्साय करणाऱ्या माणसाला हा प्रश्न हमखास ऐकावा लागतो. त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो : "कुंडी बदलायची कधी? पुस्तकात वसंत ऋतू लिहिलाय, म्हणजे मार्चमध्ये ना?"

दुसऱ्या प्रश्नात पहिल्याचे उत्तर दडलेले आहे. बोन्सायची बहुतेक पुस्तके जपानच्या किंवा युरोपच्या हवामानावर बेतलेली असतात. तिथे मार्चनंतर थंडी ओसरते, उबदार ओले दिवस येतात, आणि कापलेल्या मुळांना सावरायला तीन-चार महिने मिळतात. चंद्रपुरात मार्चनंतर काय येते हे इथल्या माणसाला सांगायला नको. मे २०१९ च्या अखेरीस या शहरात पारा ४८ अंशांवर गेला होता. मार्चमध्ये मुळे कापलेले झाड नवी मुळे फोडण्याआधीच या उन्हाच्या तोंडी जाते. म्हणून हे प्रकरण ज्युनिपरबद्दल जितके आहे, तितकेच चंद्रपूर-गडचिरोलीच्या दिनदर्शिकेबद्दल आहे.

१. हे झाड मुळात कुठले?

ज्युनिपर हा सूचिपर्णी, म्हणजे सुईसारखी किंवा खवल्यांसारखी पाने असणाऱ्या वृक्षांचा एक गट. उत्तर गोलार्धात त्याच्या पन्नासहून अधिक जाती आहेत. भारतात तो हिमालयात उगवतो. लडाखमध्ये त्याला शुक्पा म्हणतात आणि त्याच्या डहाळ्या धूप म्हणून जाळतात. आयुर्वेदातली हपुषा म्हणजे याच गटातल्या एका जातीची फळे. आपल्या नर्सरीत 'प्रोस्ट्राटा' या नावाने मिळणारे, जमिनीलगत आडवे पसरणारे रोप मात्र हिमालयातले नसते. ते चीन-जपानकडच्या जातींचे असते. त्या जातींना मैदानी हवा थोडीफार मानवते, म्हणून पुण्या-मुंबईत हे झाड वर्षानुवर्षे टिकते. फेब्रुवारी २०१८ मध्ये पुण्यात प्राजक्ता काळे यांच्या संग्रहाचे मोठे प्रदर्शन भरले होते, त्यात तीन हजारांहून अधिक बोन्साय मांडले होते. महाराष्ट्रात ही कला किती रुजली आहे हे तिथे दिसले. पण पुण्यात मे महिन्यात दुपारचे सरासरी तापमान ३७ अंशांच्या आसपास असते आणि रात्री हवा गार होते. चंद्रपुरात दुपार ४३ अंशांची आणि रात्रही गरम. पुण्याचा सल्ला इथे जसाच्या तसा चालत नाही.

विदर्भाच्या जंगलात आज एकही सूचिपर्णी वृक्ष आपोआप उगवत नाही. पूर्वी उगवत. सिरोंचा तालुक्यातल्या वडधमच्या जीवाश्म उद्यानात दगड झालेले वृक्षांचे ओंडके आहेत. ते ज्युरासिक काळातले, पंधरा कोटी वर्षांहून जुने, आणि प्रामुख्याने सूचिपर्णी वृक्षांचे. डायनासोर फिरत होते तेव्हा प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात या गटाची जंगले उभी होती. हवामान बदलले, खंड सरकले आणि ती गेली. ज्युनिपर आणणाऱ्याने सिरोंच्याला गेल्यावर ते ओंडके जरूर पाहावेत.

तर माझे मत असे : चंद्रपुरात ज्युनिपर जगतो, पण आपोआप जगत नाही. मे आणि जुलै या दोन महिन्यांत त्याच्याकडे रोज पाहणारे माणूस घरात असेल तरच तो आणावा.

२. हिरवा दिसतो म्हणजे जिवंत असतोच असे नाही

वड, उंबर, चिंच यांचे अन्न खोडात आणि मुळांत बरेच साठलेले असते. धानाची ढोली घरात आत असावी तसे. वरची सगळी पाने काढली तरी ही झाडे आतला साठा वापरून नवी पालवी फोडतात. ज्युनिपरचा मोठा साठा पानांतच असतो. त्याची ढोली ओसरीवर. पाने खरडून काढली की साठा गेला, आणि उघड्या लाकडातून नवा कोंबही फुटत नाही. ज्या फांदीवर हिरवे काहीच उरले नाही, ती फांदी संपली.

यातूनच फसगत होते. मूळ मेले तरी पानांतला ओलावा आणि साठा काही आठवडे पुरतो. झाड आत मेलेले आणि वरून हिरवे, असे महिनाभरसुद्धा चालते. मग रंग फिका पडतो, राखाडी होतो, आणि मालकाला वाटते की आजच काहीतरी झाले. खरी चूक दीड-दोन महिन्यांपूर्वीची असते. त्यामुळे ज्युनिपर वाळला की कालच्या पाण्याचा विचार करू नका. त्याच्या आधीचे दोन महिने आठवा : मुळे कापली होती का, झाड दिवाणखान्यात ठेवले होते का, जाडजूड चिकट मातीत पाणी साचले होते का?

दिवाणखान्याचे स्पष्टच सांगतो. ज्युनिपर हे घरात ठेवायचे झाड नाही. टीपॉयवर शोभेला ठेवलेला ज्युनिपर हळूहळू उपासमारीने मरतो. पाहुणे येणार असतील तर संध्याकाळपुरता आत आणावा आणि रात्री पुन्हा गच्चीवर.

झाड जिवंत आहे का हे पाहण्याची साधी पद्धत आहे. बारीक फांदीवर नखाने अगदी थोडी साल खरवडायची. खाली ओलसर हिरवे दिसले तर फांदी जिवंत, कोरडे तपकिरी दिसले तर गेली.

३. कुंडी बदलायची कशासाठी?

लहान कुंडीत मुळे दोन-तीन वर्षांत गोल गोल फिरून गच्च होतात. जुनी माती कुस्करून बारीक होते, तिच्यातली हवेची जागा भरून जाते. पाणी वर साचते, आत उतरत नाही. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते, हे नवशिक्यांना कुणी सांगितलेले नसते. कुंडी बदलणे म्हणजे जुनी मुळे कमी करून नव्यांना जागा देणे आणि माती पुन्हा मोकळी करणे.

याने झाडाचे आयुष्य कमी होते ही भीती निराधार आहे. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात एक पांढरा पाइन आहे. हिरोशिमाच्या यामाकी कुटुंबाने तो १९७६ मध्ये अमेरिकेला भेट दिला. १६२५ पासून तो बोन्साय म्हणून सांभाळला गेला आहे, आणि १९४५ चा अणुबाँब पडला तेव्हा तो हिरोशिमातच होता. इतकी वर्षे कुंडीतले झाड जगते ते त्याची मुळे पुन्हा पुन्हा ताजी केली जातात म्हणून.

आता 'कधी' या प्रश्नाकडे. नियम एकच : मुळे कापल्यानंतर झाडाला दोन-तीन महिने सौम्य हवा मिळाली पाहिजे. चंद्रपूर-गडचिरोलीत असा काळ दिवाळीनंतर सुरू होतो. नोव्हेंबरमध्ये पाऊस ओसरलेला असतो, दिवसा तीसेक अंश, रात्री गारवा, आणि माती अजून उबदार असल्याने मुळे वाढत राहतात. फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत झाडाच्या हातात साडेतीन महिने येतात. ते चुकले तर, सौम्य हवा कमी मिळणार हे धरून, नाइलाजाने जानेवारीचा शेवटचा आठवडा. त्यानंतर नाही. फेब्रुवारीच्या मध्यानंतर कुंडी फुटलीच तरी मुळांना हात न लावता गोळा तसाच मोठ्या कुंडीत सरकवावा आणि पुढच्या दिवाळीची वाट पाहावी.

वड-उंबराचे वेळापत्रक याच्या उलटे आहे. त्यांना मृगाचा पाऊस लागल्यावर हात लावायचा, कारण दमट उकाड्यात ती झपाट्याने मुळे फोडतात. पावसाळ्यात ज्युनिपरच्या कापलेल्या मुळांना मात्र बुरशी गाठते. एकाच गच्चीवरच्या दोन झाडांना एकाच दिवशी कुंडी बदलायचा मोह टाळावा.

४. मातीचे गणित

इथे थोडे थांबून एक गोष्ट नीट समजून घेऊ, कारण बहुतेक ज्युनिपर मातीपायीच जातात.

कुंडीला पाणी घातल्यावर जादा पाणी भोकातून निघून जाते. तरी तळाशी एक थर चिंब राहतो. मातीचे कण पाणी धरून ठेवतात आणि तेवढ्या उंचीपर्यंत ते खाली पडत नाही. या थराची उंची मातीच्या कणांवर ठरते, कुंडीच्या खोलीवर नाही. समजा एखाद्या मातीत हा थर ३ सेंटिमीटरचा आहे. १५ सेंटिमीटर खोल कुंडीत वरचे १२ सेंटिमीटर हवेशीर राहतील, म्हणजे पाचातले चार हिस्से. तीच माती ५ सेंटिमीटर खोल बोन्सायच्या ताटात भरली तर ३ सेंटिमीटर चिंब आणि हवेशीर फक्त २. कुंडी उथळ झाली की माती भरड हवी, ती याचसाठी. तळाला खडीचा थर देण्याची आपल्याकडची सवयही इथे उपयोगी नाही. खडीमुळे चिंब थर नाहीसा होत नाही, तो खडीच्या वर सरकतो आणि मुळांना आणखी जवळ येतो.

चंद्रपूर परिसरातली काळी माती शेतात कापसाला, सोयाबीनला उत्तम. कुंडीत ती ओली असताना फुगते, वाळली की तडकते आणि तडकताना बारीक मुळे तोडते. ज्युनिपरसाठी ती वापरूच नये. मिश्रण असे करावे : दोन भाग वीटचुरा, एक भाग बारीक खडी किंवा धुतलेला मुरूम, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत आणि कोकोपीट मिळून. कण ज्वारीच्या दाण्यापासून तुरीच्या दाण्याएवढे असावेत. त्याहून मोठे चाळून बाजूला काढायचे, आणि चहाच्या गाळणीतून खाली पडणारी भुकटी टाकून द्यायची. पुस्तकांत शेवटचा भाग याहून कमी सांगतात. आपल्या उन्हाळ्यात ओल टिकावी म्हणून मी तो पाव ठेवतो.

वीट लाल, पक्की भाजलेली हवी. तुकडे रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी बोटांनी चोळावेत. चिखल झाला तर ती वीट नको. चंद्रपुरात औष्णिक वीजकेंद्राच्या राखेपासून केलेल्या करड्या विटाही भरपूर मिळतात. बांधकामाला त्या चांगल्या, पण त्यांत चुना किंवा सिमेंट असते आणि ते मुळांना मानवत नाही.

पाण्याचेही तसेच. बोअरचे पाणी जड असेल तर कुंडीच्या कडेला पांढरी पुटे चढतात. जमेल तेवढे पावसाचे पाणी पिंपात साठवावे.

५. कुंडी बदलण्याचा दिवस

आधी कुंडीची तयारी. भोकांवर प्लास्टिकची जाळी बसवायची आणि भोकांतून एक लांब तार वर काढून ठेवायची. झाड या तारेने कुंडीला बांधायचे आहे. सैल झाड वाऱ्याने हलते आणि हललेली कोवळी मुळे तुटतात.

मग सावलीत, वारा नसलेल्या जागी झाड काढावे. हातात बांबूची कामटी घ्यावी, टोक बोथट केलेली. वरची माती कामटीने हळूहळू मोकळी करत खोड जिथे मुळांत पसरते ती जागा शोधावी. नर्सरीच्या रोपात ती बहुधा दोन-तीन सेंटिमीटर खाली गाडलेली असते. ती उघडी झाली की रोप एकदम वयस्क दिसू लागते. पुढे बोन्सायचे निम्मे सौंदर्य या जागेवर अवलंबून राहणार आहे, म्हणून तिथे घाई करू नये.

नर्सरीची माती बऱ्याचदा चिकट गोळा असते. तो पाण्याने सगळा धुऊन टाकू नये. ज्युनिपरची मुळे पूर्ण उघडी केली की तो सहसा वाचत नाही. बाहेरचा आणि खालचा मिळून तिसरा हिस्सा काढावा. गोळा फारच चिकट असेल तर यंदा एका बाजूची माती मधल्या खोडापर्यंत काढावी, दुसऱ्या बाजूला हात लावू नये, आणि ती दोन वर्षांनी काढावी. जाड, खाली जाणारी, गोल फिरणारी मुळे सिकेटरने कापावीत. बारीक केसाळ मुळे राखावीत, पाणी तीच पितात. मुळांवर पांढरे धागे दिसले तर घाबरू नये. ती बहुधा अपाय न करणारी बुरशी असते. मुळांना मदत करणारी बुरशी जुन्या मातीत असते, म्हणून ती थोडी राहू द्यायची.

नवी माती उंचवट्यासारखी घालून झाड त्यावर दाबत बसवावे, तारेने बांधावे, उरलेली माती भरून कामटीने टोचत टोचत पोकळ्या बुजवाव्यात. मग झारीने पाणी, खालून निघणारे पाणी स्वच्छ होईपर्यंत.

वरची पाने या दिवशी कापू नयेत. 'मुळे कमी केली, आता फांद्याही कमी करू' हा हिशेब उंबराला लागू आहे, ज्युनिपरला नाही. त्याच्या नव्या मुळांचे अन्न त्या पानांतूनच यायचे असते.

पुढचे महिना-दीड महिना झाड उजेडाच्या सावलीत ठेवावे, पानांवर सकाळी पाण्याचा फवारा मारावा, खत घालू नये. पाणी कधी घालायचे हे घड्याळाने ठरवू नका. कामटी मातीत दोन बोटे खोचून दहा मिनिटांनी काढा. ओली निघाली तर थांबा, जेमतेम दमट निघाली तर घाला.

६. वळण लावणे

कुंडी बदलली त्याच वर्षी तार गुंडाळू नये. एका वेळी एकच घाव. नोव्हेंबरमध्ये कुंडी बदलली असेल तर उन्हाळा आणि पावसाळा पार पडू द्यावा, टोकांना ताजा फिकट हिरवा फुटवा दिसू द्यावा, आणि पुढच्या नोव्हेंबरमध्ये वळणाला बसावे.

पहिला निर्णय खोडाचा. पेन्सिलीएवढे खोड हाताने हवे तसे वळते, अंगठ्याएवढे झाले की वळत नाही. म्हणून लहान रोप घेणाऱ्याने आधी खोडाला वळण द्यावे, फांद्यांचे नंतर पाहावे. अल्युमिनियमची तार फांदीच्या जाडीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढी जाड असावी. टोक मातीत खोलवर रोवून साधारण ४५ अंशांच्या तिरक्या वेढ्यांनी वर जावे. वेढे घट्ट बसावेत पण साल दाबली जाऊ नये, आणि पाने वेढ्याखाली चिरडू नयेत. आदल्या दिवशी पाणी थोडे कमी दिले तर लाकूड जास्त लवचीक राहते. वळवताना अंगठा वळणाच्या आतल्या बाजूला टेकवून ठेवावा आणि बारीकशी करकर ऐकू आली की थांबावे.

तार किती दिवस? ज्युनिपरला सहा महिने ते वर्षभर. पावसाळ्यात दर आठवड्याला पाहावे. तार सालीत रुतू लागली की उलटी उलगडत बसू नये, तुकडे करून कापून काढावी. उंबर-वडाला हीच तार पावसाळ्यात महिना-दीड महिन्यात रुतते.

छाटणीत एक चूक सर्रास दिसते. मेंदीच्या कुंपणासारखी वरून सरसकट कात्री चालवतात. कापलेली पानांची टोके तपकिरी होतात आणि झाड भाजल्यासारखे दिसते. लांब गेलेली डहाळी आत, जिथून ती फुटली तिथे शोधून कापावी. फांदीच्या बेचक्यातली आणि खालच्या बाजूने लोंबणारी पाने काढावीत म्हणजे उजेड आत जातो. एका वेळी एकूण हिरवळीचा तिसरा हिस्सा ही शेवटची मर्यादा.

उथळ ताटाची घाई नको. खोड जाड व्हायचे ते खोल कुंडीत किंवा जमिनीत. ताटात गेले की वाढ जवळपास थांबते. पाच-सहा वर्षे साध्या मातीच्या कुंडीत वाढवलेला ज्युनिपर ताटात शोभतो. पहिल्याच वर्षी ताटात घातलेला कायम काडीच राहतो.

७. नवतपा आणि श्रावण

माती ३५ अंशांच्या पुढे तापली की मुळांची वाढ मंदावते, आणि ४५ च्या आसपास बारीक मुळे मरू लागतात. उन्हात ठेवलेल्या काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत हे तापमान सहज गाठले जाते. मार्चच्या मध्यापासून ज्युनिपर हिरव्या जाळीखाली न्यावा. सकाळचे नऊपर्यंतचे ऊन पुरे. कुंडी गच्चीच्या फरशीवर न ठेवता लाकडी फळीवर ठेवावी, भोवती ओले पोते गुंडाळावे किंवा मोठ्या कुंडीतल्या ओल्या वाळूत बसवावी. नवतप्याच्या दिवसांत पाणी सकाळी लवकर आणि सूर्यास्तानंतर. नळीत उभे राहिलेले तापलेले पाणी आधी सोडून द्यावे.

कोरड्या उन्हात लाल कोळी हा डोळ्यांना जेमतेम दिसणारा किडा येतो. डहाळीखाली पांढरा कागद धरून ती टिचकीने झटकावी. कागदावर ठिपके चालू लागले तर दोन-चार दिवसांआड पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पाने खालून धुवावीत. घुग्घूस, बल्लारपूर, दुर्गापूरकडे कोळशाची धूळ पानांवर बसते, तिथे हे धुणे एरवीही करावे.

गडचिरोलीची अडचण वेगळी. जिल्ह्याच्या दोन तृतीयांशाहून अधिक भागावर जंगल आहे, त्यामुळे उन्हाळा थोडा सुसह्य, पण पाऊस जास्त. तिथे जुलै-ऑगस्टमध्ये कुंडीचे एक टोक विटेवर टेकवून तिरके ठेवावे म्हणजे पाणी एका कोपऱ्यातून निघून जाते. झड लागली तर दोन-तीन दिवस छपराखाली घ्यावा.

८. आणि ज्यांना एवढे जमणार नाही त्यांच्यासाठी

उंबर, वड, पिंपळ, पिंपरी आणि चिंच. ही झाडे इथल्या उन्हात वाढलेली आहेत, उघड्या लाकडातून फुटतात, चूक माफ करतात. पहिले बोन्साय याच झाडांचे करावे असे मी प्रत्येकाला सांगतो. चिंचेची पाने मुळातच बारीक, म्हणून लहान झाडही मोठ्याची सावली वाटते. साग आणि मोहाच्या वाटेला जाऊ नये, त्यांची पाने बोन्सायच्या मानाने फार मोठी.

रोप जंगलातून उपटून आणू नका. राखीव वनातून झाड काढणे हा गुन्हा आहे, आणि जंगलात दगडाच्या कपारीत तीस वर्षे तग धरलेले झाड उपटल्यावर कुंडीत जगण्याची शक्यताही थोडी. चंद्रपूरच्या गोंडकालीन परकोटावर वड-पिंपळाची रोपे सतत उगवतात आणि त्यांच्या मुळांनी भिंत फुटते. इको-प्रो या स्थानिक संस्थेच्या कार्यकर्त्यांनी २०१७ पासून श्रमदानाने हा परकोट मोकळा केला. पण ती वास्तू पुरातत्त्व विभागाच्या संरक्षणाखाली आहे, तिथे आपल्या मनाने खुरपी चालवायची नाही. तुमच्या स्वतःच्या घराच्या गच्चीच्या कोपऱ्यात, मोरीच्या पाइपाजवळ, विहिरीच्या कठड्यात मात्र असे एखादे पिंपळाचे किंवा उंबराचे रोप नक्की असेल. ते कधीतरी काढावेच लागणार आहे. मृगाचा पहिला चांगला पाऊस पडला की मुळासकट काढा, वीटचुऱ्याच्या मिश्रणात लावा आणि महिनाभर सावलीत ठेवा. ते तुमच्या हाताखाली दोन उन्हाळे टिकले, की मग नोव्हेंबरमध्ये नर्सरीत जाऊन ज्युनिपर विकत घ्या.